बेताच्या पैशांत खेळाचा संगणक



छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत पाढे व त्रैराशिक शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें आणि ज्याचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें फारसें गेलें नाहीं, अशा माणसानें संगणकाच्या सुट्या भागांवर भाषण करावें, हें कित्येकांना चमत्कारिक वाटेल. कांहीं वर्षांपूर्वीं मलाही तसेंच वाटलें असतें. या विषयांत मी अधिकारी पुरुष नाहीं. परंतु ज्या घरांतील मुलाला खेळ खेळण्याजोगा पहिला संगणक हवा आहे, ज्या घरांत पैसा बेताचा आहे, आणि दुकानदाराच्या बोलण्यांतील निम्मे शब्द जेथें वडीलधाऱ्यांना कळत नाहींत, अशाच एका घरांत मी राहतों. या खरेदीच्या पहिल्या प्रयत्नांत आमचे १४,००० रुपये बुडाले, व त्यांहून मोलाचें असें कांहीं बुडतां बुडतां राहिलें. दुसऱ्या प्रयत्नांत जें शिकलों, तें आज आपणांपुढें मांडणार आहें.

आमचें बिऱ्हाड विक्रोळीस कन्नमवारनगरांत, एका जुन्या इमारतींत आहे. माझा नातू तेव्हां बारावींत शिकत होता. २०२४ सालच्या दिवाळींत त्याच्या आजीनें आपली भिशीची रक्कम त्याच्या हातांत ठेवली. घरांत एका कचेरीनें मोडींत काढलेला जुना संगणक होता. त्यावर मोठे खेळ चालावे म्हणून मुलानें एका ओळखीच्या ओळखीकडून वापरलेलें ग्राफिक्स कार्ड विकत आणलें. पावती नाहीं, खोका नाहीं, हमी नाहीं. दहा दिवस सारें ठीक चाललें. अकराव्या दिवशीं संगणकांतून जळका वास आला, पडदा काळा झाला, आणि कार्डाबरोबर जुना संगणकही गेला. दोष कार्डाचा होता कीं त्या संगणकांतील २५० वॉटच्या जुन्या वीजपुरवठ्याचा, हें आजही मला सांगतां येणार नाहीं. विचारावयास जाण्यास कागदाचा चिठोराही नव्हता.

मुलानें तीन आठवडे ही गोष्ट कोणालाही सांगितली नाहीं. संध्याकाळीं अभ्यासाच्या निमित्तानें बाहेर पडे तो रात्रीं दहाला येई. जेवतांना मान वर करीत नसे. अखेर आजीनेंच छेडलें, तेव्हां त्याच्या डोळ्यांना पाणी आलें. मी संतापलों होतों. ती रागावली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "पावती कुठाय रे?" त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें.

पुढें परीक्षा संपल्यावर तो अडीच महिने एका झेरॉक्सच्या दुकानांत उभा राहिला व त्यानें २५,००० रुपये जमविले. त्यांत आजीनें पोस्टांतील आपल्या मुदत भरलेल्या आवर्त ठेवीचे ३५,००० घातले. ती ठेव आम्हां उभयतांच्या काशीयात्रेसाठीं होती. मीं विरोध करून पाहिला. ती म्हणाली, "काशी आहे तिथंच राहणार आहे, मुलगा मात्र हातचा जाईल." मग मीं एक अट घातली. एका वहींत प्रत्येक भागाचें नांव, त्याची किंमत, आणि तोच कां घ्यावयाचा याचें कारण मुलानें स्वतःच्या शब्दांत लिहावयाचें; जें कारण आजीला समजणार नाहीं, तें कारण म्हणून धरावयाचें नाहीं. आतां मी जें सांगणार आहें, तें बहुतांशीं त्या वहींतलेंच आहे.

बहुतेक मुलें यादीचा आरंभ ग्राफिक्स कार्डापासून करतात, तर कित्येक दुकानदार कॅबिनेटमधील रंगीत दिव्यांपासून करतात. खरें पाहतां आरंभ करावा तो खेळांपासून व पडद्यापासून. वहीच्या पहिल्या पानावर मुलानें आपल्याला खेळावयाचे असलेले खेळ लिहिले. त्यांत पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं तयार केलेला व २०२० सालीं प्रसिद्ध झालेला 'राजी' होता, २०२३ सालचा 'काउंटर स्ट्राइक २' होता, आणि 'सायबरपंक २०७७' हा अवजड खेळही होता. प्रत्येक खेळाबरोबर त्याला किमान कोणता संगणक लागतो व कोणता असल्यास बरें, हें खेळाच्या कर्त्यांनीं जाहीर केलेलें असतें. आपल्या यादींतील सर्वांत अवजड खेळ कोणता, तें पाहून त्याच्या दुसऱ्या रकान्याला पुरेल एवढी शक्ति घ्यावी, त्याहून अधिक घेऊं नये.

पडद्याचें गणित मात्र मीं स्वतः मांडलें. पडद्यावरचें चित्र रांगोळीप्रमाणें ठिपक्यांचें बनलेलें असतें. साधारण मॉनिटरवर आडवे १,९२० व उभे १,०८० ठिपके असतात; गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. डोळ्यांना हालचाल सुरळीत दिसावी म्हणून हें चित्र सेकंदाला निदान ६० वेळां नव्यानें काढावें लागतें. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटी चव्वेचाळीस लाखांवर ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा. ज्याला दुकानांत 'फोर-के' म्हणतात, त्या पडद्यावर ठिपके बरोबर चौपट असतात. म्हणून कामही जवळजवळ चौपट होतें, आणि तें करणारें कार्डही तितकेंच महाग लागतें. पहिल्या संगणकाला, तोही साठ हजारांत बसवावयाचा असतां, साधा १,०८० चाच पडदा पुरे, हें या एका गुणाकारानें ठरलें. वहींतील पुढचीं सारीं पानें या उत्तरावर उभीं आहेत.

हें ठिपके रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्ड करतें. खेळाच्या संगणकांत खरा कारागीर तेंच, म्हणून एकंदर रकमेचा सुमारें तिसरा हिस्सा त्याला द्यावा. आम्हीं ए.एम्.डी. कंपनीचें 'रेडिऑन आर.एक्स. ६६००' हें कार्ड निवडलें. तें २०२१ सालचें, म्हणजे जुन्या पिढीचें होतें. परंतु १,०८० च्या पडद्यासाठीं तें पुरेसें सशक्त आहे, त्याला स्वतःची ८ जी.बी. स्मृति आहे, आणि तें १३२ वॉटच वीज घेतें. नव्या पिढीचें सर्वांत हलकें कार्ड घ्यावें कीं मागल्या पिढीचें मधल्या दर्जाचें घ्यावें, असा प्रश्न पडतो, तेव्हां वर्षाकडे न पाहतां आपल्याच खेळांत कोणतें कार्ड सेकंदाला किती चित्रें काढतें, तें तपासावें. हीं मोजमापें अनेक परीक्षक प्रसिद्ध करतात. एकावर विसंबूं नये. तिघांचें मत जुळलें तर खरें मानावें.

वापरलेल्या कार्डाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आभासी नाणीं मिळविण्यासाठीं कित्येकांनीं अशीं कार्डें अहोरात्र राबविलीं होतीं. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं ईथेरियम या चलनाची रीत बदलली, तो धंदा बसला, आणि थकलेलीं पुष्कळ कार्डें बाजारांत आलीं. वापरलेला माल नेहमींच वाईट असतो असें मी म्हणत नाहीं. पण मूळ पावती व उरलेली हमी असेल, आणि डोळ्यांदेखत अर्धा तास अवजड खेळ चालवून पाहूं देत असतील, तरच हात घालावा. हें वाक्य मुलानें वहींत लाल शाईनें लिहिलें आहे. मीं त्याला तसें सांगितलें नव्हतें.

आतां प्रोसेसर. कार्ड कितीही चपळ असलें तरी खेळांतील माणसें कोठें उभीं आहेत, गोळी कोणाला लागली, याचा हिशेब प्रोसेसर करतो. तो मंद असला तर कार्ड हात बांधून बसतें. आमच्या विक्रोळीकरांना हें समजावून सांगावें लागत नाहीं. पश्चिमेस लाल बहादूर शास्त्री मार्ग, पूर्वेस द्रुतगति महामार्ग, दोन्ही प्रशस्त. पण मधें रेल्वेचा रूळ आडवा, म्हणून गाडीला पलीकडे जावयाचें तर दूरचा वळसा पडे. जून २०२५ मध्यें उड्डाणपूल खुला झाला, तेव्हां दोन रस्त्यांची खरी गांठ पडली. रस्ता कितीही रुंद केला तरी पूल नसेल तर गाडी खोळंबते. तसेंच महाग कार्डाला हलका प्रोसेसर जोडला तर कार्डाचा पैसा खोळंबतो. उलट, महाग प्रोसेसर घेऊन कार्डांत काटकसर करणें हीही तितकीच मोठी चूक होय. आम्हीं 'रायझन ५ ५६००' हा प्रोसेसर घेतला. त्याला सहा गाभे आहेत, वीज ६५ वॉटच्या सुमारास लागते, आणि त्याच्या खोक्यांतच थंड राखणारा पंखा मिळतो.

नांवांनीं फसूं नये, हेंही येथेंच सांगतों. एके ठिकाणीं आम्हांला 'याच पैशांत आय-सेव्हन बसवून देतों' असें आमिष दाखविण्यांत आलें. मुलानें पिढी विचारली, तेव्हां ती तिसरी, म्हणजे २०१२ सालची निघाली. २०२२ सालचा साधा आय-थ्रीसुद्धां तिच्यापेक्षां चपळ आहे. आडनांव मोठें असलें म्हणून नातू पराक्रमी असतोच असें नाहीं.

रॅम म्हणजे काम करतांना समोर मांडलेलें सामान ठेवण्याची फळी. आज १६ जी.बी. हें प्रमाण धरावें. आणि तीं १६ एकाच पट्टींत न घेतां आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्या. दोन पट्ट्या असल्या म्हणजे प्रोसेसरला एकाच वेळीं दोन वाटांनीं माल मिळतो. त्या बसवितांना मदरबोर्डवर चार खांचा असल्यास बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खांचेंत बसवाव्या लागतात. मदरबोर्डबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंत तें चित्रासह दिलेलें असतें. पुस्तिका वाचावी. शाळेंत मी हेंच सांगत आलों आणि येथेंही तेंच सांगावें लागत आहे.

साठवणीसाठीं फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क आतां मुख्य म्हणून घेऊं नये, एस्.एस्.डी. घ्यावी. तिनें सेकंदाला निघणारीं चित्रें फारशीं वाढत नाहींत, पण संगणक चालू होण्याचा व खेळ उघडण्याचा वेळ पुष्कळ कमी होतो. आम्हीं ५०० जी.बी.ची घेतली. मोठे खेळ एकेक शंभर जी.बी. अडवितात, हें खरें. परंतु आणखी एक एस्.एस्.डी. मागाहून जोडतां येते. जें मागाहून जोडतां येतें त्यांत आज काटकसर करावी, आणि जें बदलतांना सारेंच उकलावें लागतें त्यांत करूं नये, असा नियम मुलानें केला; तो मला फार पटला.

मदरबोर्ड निवडतांना सॉकेट पाहावें. आमच्या प्रोसेसरला एएम्-४ हें सॉकेट लागतें. तें २०१६ सालापासूनचें आहे. त्याच्यामागून २०२२ सालीं एएम्-५ आलें, त्याला डी.डी.आर.-५ जातीचीच रॅम लागते. नवें घेतलें तर पुढें वाढावयास वाव अधिक, जुनें घेतलें तर आज पैसा वांचतो. आम्हीं जुनें घेतलें, तें या हिशेबानें कीं वांचलेले पैसे कार्डांत गेले. आपला हिशेब निराळा असूं शकेल. मात्र एक खुबी ध्यानांत असावी. आमचा मदरबोर्ड बी-४५० जातीचा, म्हणजे मूळचा २०१८ सालचा, आणि प्रोसेसर २०२२ सालचा. अशा वेळीं मदरबोर्डवरील बायॉस नवें करून दिल्याशिवाय तो प्रोसेसरला ओळखतच नाहीं. हें काम दुकानांतूनच करून घ्यावें, व झालें कीं नाहीं तें तेथेंच पाहावें.

आतां ज्या भागानें आमचे १४,००० रुपये खाल्ले असावे असा मला संशय आहे, त्याकडे येतों. भिंतींतील वीज घेऊन ती प्रत्येक भागाला हवी तशी करून देणाऱ्या पेटीला दुकानांत एस्.एम्.पी.एस्. म्हणतात. ही पेटी दिसत नाहीं, तिनें खेळ वेगानें चालत नाहीं, तिच्याविषयीं मित्रांत फुशारकी मारतां येत नाहीं; म्हणून जो तो काटकसर येथेंच करतो. पण ती बिघडली म्हणजे एकटी जात नाहीं, कधीं कधीं शेजाऱ्यांनाही घेऊन जाते. आमचा हिशेब असा: कार्ड १३२ वॉट, प्रोसेसर ६५ वॉट, मिळून १९७, पंखे, एस्.एस्.डी., मदरबोर्ड धरून तीनशेंच्या आंत. कार्डाची मागणी क्षणभर एकदम उसळते, म्हणून जवळजवळ दुप्पट, ५५० वॉटचा एस्.एम्.पी.एस्. घेतला. वॉटांचा आंकडा पत्र्यावर कोणीही छापतो. म्हणून '८० प्लस' हें चिन्ह पाहावें. त्याचा अर्थ, घेतलेल्या विजेपैकीं निदान ८० टक्के कामीं लागते, बाकीची तेवढी उष्णता होऊन जाते. निर्मात्याची हमी किती वर्षांची, तेंही विचारावें. शिवाय जुन्या इमारतींत राहणारांनीं आधीं वायरमनला बोलावून तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे कीं नाहीं, तें तपासून घ्यावें. आमच्या खोलींतील एका सॉकेटला तें नव्हतें.

पत्र्याच्या पेटीचें विक्रोळीला अप्रूप नाहीं. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं लक्षावधि मतपेट्या येथल्याच गोदरेजच्या कारखान्यांत तयार झाल्या. त्या पेटीचें काम चिठ्ठी आंत घ्यावयाची आणि ती कोणाला बाहेर काढूं द्यावयाची नाहीं, एवढें होतें. म्हणून ती भक्कम व बंद होती. संगणकाच्या कॅबिनेटचें काम याच्या उलट आहे. त्यांत हवा पुढून आंत यावी आणि मागून बाहेर जावी. पुढें कांचेचा किंवा सपाट पत्र्याचा दर्शनी भाग असला तर तें शोभिवंत दिसतें, पण आंतील कार्ड गुदमरतें. पुढें जाळी, आणि दोन तरी पंखे, एवढें पाहावें. आमच्याकडे पावसाळ्यांत हवा दमट आणि एरव्हीं धूळ फार. म्हणून जाळीमागें धूळ अडविणारी, काढून धुतां येणारी चाळणी असावी. दिवे असोत वा नसोत. त्यांच्यासाठीं निराळा रुपया मोजूं नये.

मॉनिटर २४ इंची, सेकंदाला १०० वेळां चित्र बदलणारा घेतला. संगणक चार-पांच वर्षांत बदलेल, मॉनिटर त्याहूनही टिकेल, आणि मुलाचे डोळे जन्मभर पुरावयाचे आहेत. म्हणून कसलेल्या रंगांचा व कोनांतूनही स्पष्ट दिसणारा आय.पी.एस्. पडदा असावा, असा आग्रह आजीचा होता.

जून २०२५ मध्यें आम्हीं दिलेल्या किंमती अशा. प्रोसेसर १०,३००, मदरबोर्ड ६,४००, रॅम ३,२००, एस्.एस्.डी. ३,३००, ग्राफिक्स कार्ड २१,०००, एस्.एम्.पी.एस्. ४,०००, कॅबिनेट २,८००, मॉनिटर ७,९००, कळफलक व माउस १,०००. एकूण ५९,९००. उरलेल्या शंभरांत दोघांचा वडापाव व चहा झाला. विंडोजचा परवाना या बेरजेंत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या यादींतून निसटते. चोरून घातलेलें विंडोज मला मास्तर म्हणून चालण्यासारखें नव्हतें. म्हणून प्रथम लिनक्स घातली; ती फुकट असते, आणि वरील तिन्ही खेळ तिच्यावर चालतात. 'व्हॅलोरंट'सारखे कांहीं खेळ मात्र तिच्यावर चालत नाहींत, हें आधींच पाहून ठेवावें.

खरेदीसाठीं आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलों. विक्रोळीहून लोकलनें दादर, तेथें पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, आणि ग्रँट रोडला उतरून पूर्वेस थोडी चाल. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव या रस्त्याला पडलें; आज त्याचें अधिकृत नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें आहे, पण लोकांच्या तोंडचें जुनें नांव जात नाहीं. माझ्या लहानपणीं एका मित्राबरोबर ट्रान्झिस्टर जुळविण्यासाठीं मी याच रस्त्यावर सुटे भाग शोधीत हिंडलों होतों. पन्नास वर्षांनीं नातवाचा हात धरून गेलों. खरें म्हणजे गर्दींत त्यानेंच माझा हात धरला होता.

तीन दुकानांत एकच यादी दाखवून भाव कागदावर लिहून घेतले. एका भागाला एक दुकान स्वस्त, दुसऱ्याला दुसरें. परंतु सर्व एकाच ठिकाणीं घेतलें तर पुढें बिघाड झाल्यास एकानें दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची सोय राहत नाहीं. एका दुकानदारानें हळूच सांगितलें कीं, बिल नको असेल तर कांहीं हजार कमी करतां येतील. या मालावर १८ टक्के जी.एस्.टी. आहे, तेव्हां मोह लहान नव्हता. मी उत्तर देण्यापूर्वींच मुलगा म्हणाला, "नको. आजीला पावती दाखवायची आहे." मी कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या दुकानांतून माल घेतला, आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला. हमीचा दावा करतांना तोच उपयोगी पडतो.

संगणक घरींच जुळविला. जेवणाचें टेबल पुसून कोरडें केलें. अंगांतील स्थिर वीज भागांना बाधूं नये म्हणून मुलगा मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावी. तीन तासांनीं बटण दाबलें. पंखे फिरले, दिवा लागला, पण पडदा काळाच. मुलाचा चेहरा पाहवेना. मागल्या दिवाळीचा अकरावा दिवस आम्हां तिघांनाही आठवला. तो पुन्हां स्क्रू काढूं लागला. इतक्यांत आजी कॅबिनेटच्या मागें वांकून म्हणाली, "अरे, ही वायर तू वरच्या भोकांत घातलीस, खालीं तसलींच भोकं रिकामीं आहेत, तीं कशाला?" मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजीं मदरबोर्डला जोडली गेली होती, आणि आमच्या प्रोसेसरला स्वतःचें चित्र काढतां येत नाहीं. वायर खालीं लावली, पडदा उजळला. नवशिक्यांची ही फार सामान्य चूक आहे, असें मागून समजलें. दुसरी चूक म्हणजे १०० चा मॉनिटर घेऊन तो सेटिंगमध्यें ६० वरच ठेवणें. तीही आम्हीं चार दिवस केली.

हे भाव ऐकून कोणी उद्यांच बाजारांत जाऊं नये. २०२५ सालच्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनीं स्मृतीचा माल ओढून घेतला, आणि वर्ष संपतां संपतां रॅमच्या किंमती दुपटीहूनही वर गेल्या. शेजारच्या इमारतींतील एक मुलगा तेव्हां आमची वही मागावयास आला. आमच्या यादीप्रमाणें माल त्याच्या पैशांत बसेना. माझ्या नातवानें त्याला एस्.एम्.पी.एस्. हलका करूं दिला नाहीं. त्यानें 'रायझन ५ ५६००-जी' हा, स्वतःचें चित्र काढणारा प्रोसेसर घेऊन ग्राफिक्स कार्ड पुढें ढकलण्याची वाट दाखविली. हलके खेळ त्यावर आज चालतात. कार्ड पैसे जमल्यावर येईल, आणि त्याला लागणारी वीज आधींच तयार आहे. आंकडे सारे बदलले होते, पण खेळ, पडदा, कार्ड, प्रोसेसर, आणि ज्यांत काटकसर करावयाची नाहीं ती वीज, हा क्रम तसाच राहिला. माझ्या भाषणांतून आपण कांहीं न्यावयाचें असेल तर हा क्रम न्यावा.

खेळांत वेळ जातो, हा आक्षेप माझाही होता. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ सालीं संसदेनें कायदा करून बंदी घातली, आणि त्याच कायद्यानें ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. तेव्हां जुगार व खेळ यांतील भेद सरकारनेंही मानला आहे. आमच्या घरीं संगणक आतां बाहेरच्या खोलींत, सर्वांच्या देखत असतो, आणि रात्रीं दहाला बंद होतो. मुलगा मात्र त्याआधींच घरीं असतो.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर एक निराळा हिशेब आहे. वर मथळा आहे, 'आजीचें देणें, १४,०००.' खालीं दर महिन्याची तारीख, पुढें पांचशे रुपये, आणि त्याच्यापुढें आजीची सही. मी हें भाषण लिहावयास बसलों तेव्हां नऊ सह्या झाल्या होत्या. ते पैसे पोस्टांतील नव्या ठेवींत जातात. काशी, अर्थात्, आहे तेथेंच आहे.